शाळेतून गळणारी मुले आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलावण्याची आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी सातवी शिकलेली बाई. शिक्षणावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय! पण विषय ऐकला तेव्हा वाटले, शाळेत जे टिकले त्यांनी शाळेविषयी पुष्कळ सांगितले आहे; जे मध्येच सुटले त्यांच्यापैकी एकीने दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

अलीकडे शाळाखात्याच्या कागदांतून एक शब्द ऐकू येतो, ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’. शब्द जड आहे, पण आत आहे ते घरगुतीच आहे. मुलाला आपला राग ओळखता यावा व आवरता यावा, दुसऱ्याचे दुःख कळावे, भांडण झाले तर मिटवता यावे, आणि अडचण आली तर कुणाजवळ तरी तोंड उघडता यावे, एवढे त्याला शाळेत शिकायला मिळावे. शिक्षकानेही पाढे म्हणून घेता घेता मुलाच्या मनाकडे बघावे. सगळ्याच मुलांना हे हवे. पण जे मूल आज-उद्या शाळा सोडणार अशा बेतात आहे, त्याचे यावाचून अडते.

मूल एका दिवसात शाळा सोडत नाही, हे आपण बायकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आधी सोमवारी पोट दुखते. मग वही अपुरी राहते. अपुरी वही घेऊन जायची लाज वाटते म्हणून आणखी दोन दिवस बुडतात. परत गेले की ते मागच्या बाकावर बसते, आणि मागच्या बाकावरून दाराबाहेर जायला फार वेळ लागत नाही. एक दिवस हजेरीतले नाव तेवढे राहते आणि पोरगा कुठल्याशा गॅरेजात पाने पुसताना दिसतो. मुलगी असेल तर तीही दिसत नाही; ती घरातच असते. आई म्हणते, “त्याचं डोकंच चालत नाही शाळेत.” डोके चालत असते हो. मन चालत नसते.

या बाबतीत आपल्या कोल्हापूरला बाहेरून फार शिकून यावे लागत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि जो बाप मुलाला शाळेत धाडणार नाही त्याला महिना १ रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे थट्टा नव्हे. ही गोष्ट भाषणांतून सगळेच सांगतात. मला मात्र त्याच्या आधीची गोष्ट अधिक मोलाची वाटते. दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. आत टिकायला त्याला निजायला जागा लागते, वेळेवर भाकरी लागते आणि ‘आलास का?’ म्हणून विचारणारे माणूस लागते. महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, आणि जातीजातींची बोर्डिंगे उभी राहता राहता कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. खेड्यातून आलेले पोर शहराला बिचकून परत पळू नये याची सोय त्यांनी सक्तीच्या कायद्याआधी केली होती.

या बोर्डिंगांतून एक विद्यार्थी काढून टाकला गेला होता, हे कितीजणींना ठाऊक आहे? मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला आणि परत येऊन आंघोळ करायला नाही म्हणाला, एवढाच अपराध. शाळेतही तो इंग्रजी सहावीत नापास झाला. आजच्या भाषेत अगदी गळतीच्या यादीतला मुलगा. महाराजांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. हा मुलगा म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले.

आपण बायका आहोत, तेव्हा अण्णांपेक्षा दोन शब्द लक्ष्मीबाईंविषयी जास्त बोलते. बोर्डिंगात मुले जमा करणे निराळे आणि त्यांना रोज दोन वेळा जेवू घालणे निराळे. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंनी सगळ्या जातींची पोरे आपल्या चुलीपाशी घेतली. त्यांची आजारपणे काढली. अंगावरचे दागिने एकेक करून त्या पोरांच्या धान्यासाठी गेले, आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. १९३० मध्ये त्या वारल्या. मंगळसूत्राची गोष्ट आपण हळहळून सांगतो. मला मात्र त्यांचे रोजचे काम डोळ्यांपुढे येते. रात्री पंगत मोजताना एक पोर कमी दिसले तर ‘तो कुठं आहे?’ असे विचारणारी बाई त्या घरात होती. शाळेतल्या हजेरीपुस्तकाने ते काम होत नाही. त्यात फुली पडते आणि पान उलटते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हाचे एक ध्यानात आहे. पाणी ओसरले, शाळा उघडल्या. खालच्या अंगाला राहणाऱ्या एका कुटुंबातला चौथीतला मुलगा वर्गात दप्तर खाली ठेवीना. मांडीवर घेऊन बसे. लिहायला सांगितले की खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून येई. एका बाईंनी ते दोन दिवस पाहिले. रागे भरल्या नाहीत, की कारणही वर्गात विचारले नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीत एक खिळा ठोकून घेतला आणि म्हणाल्या, “हा तुझ्या दप्तराचा.” दिवाळीनंतर दप्तर आपोआप खाली आले. ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ म्हणजे काय असे मला कोणी विचारले तर मी तो खिळा दाखवीन. त्याच जागी दुसऱ्या कुणी शिस्तीचा बडगा काढला असता तर ते पोर शाळेला धरून राहिले असते का?

असे शिक्षक देवाघरून येत नाहीत, ते घडवावे लागतात. ते होऊ शकते हे आपल्याच गावात लीलाताई पाटील यांनी दाखवले. ना. सी. फडक्यांची ही लेक. शिक्षक तयार करण्यात त्यांची हयात गेली, आणि उतारवयात लोक तीर्थयात्रेला निघतात तेव्हा त्यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ काढले. मारणे नाही, भीती नाही, मुलाने विचारायचे आणि शिक्षकाने ऐकून घ्यायचे, ही त्या शाळेची रीत. २०२० मध्ये लीलाताई गेल्या. छडीवाचून शाळा चालत नाही असे म्हणणाऱ्यांना त्यांनी शाळा चालवूनच उत्तर दिले. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेही मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंना बंदी केली. छडी तर बरीच कमी झाली. जीभ अजून आहे.

बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत २००९ मध्ये ‘मूल्यवर्धन’ नावाचा प्रयोग शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने सुरू केला. मुलांनी जोडीने आणि गटाने बसावे, बोलावे, दुसऱ्याचे ऐकावे, असा त्याचा ढंग. पुढे राज्य सरकारनेही तो हाती घेतला. चांगलेच झाले. मात्र एक भीती मला वाटते. आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट वेळापत्रकात घातली की तिचा तास होतो, तासाची वही होते आणि वहीला गुण मिळतात. ‘भावना’ हा विषय गुरुवारी चौथ्या तासाला, आणि पोर रडते मंगळवारी!

बीडचे नाव निघाले म्हणून सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातल्या कारखान्यांना ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांत त्या बाजूचीही कुटुंबे असतात. आईबाप पहाटे फडात जातात आणि दहा वर्षांची पोरगी कोपीत धाकट्याला सांभाळते. मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे काढतात, कारखान्यांजवळ साखरशाळाही निघाल्या. तरी अर्धे वर्ष इथे, अर्धे तिथे अशा पोराला कुठल्या वर्गात आपले म्हणतात? त्याची बोलीदेखील वर्गाला हसायला पुरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. पोराने शाळेसारखे व्हावे असा हट्ट त्यांनी धरला नाही.

परदेशातले एकच उदाहरण देते, कारण त्यात एक आपल्यासारखी बाई आहे. अमेरिकेत न्यू हेवन या गावी १९६८ मध्ये डॉक्टर जेम्स कोमर यांनी गरीब काळ्या वस्तीतल्या दोन शाळा हाती घेतल्या. हजेरी थोडी, भांडणे फार, अभ्यास मागे. कोमर हे मनाचे डॉक्टर. त्यांनी पोरांना दोष दिला नाही, की मास्तरांनाही दिला नाही; मुलांच्या आयांना शाळेत बोलावले आणि शिक्षकांच्या बरोबरीने बसवले. काही वर्षांत हजेरी वाढली, अभ्यासही सुधारला. आता यांना ही बुद्धी कुठून झाली? त्यांची आई परक्यांच्या घरी धुणीभांडी करणारी, दोन वर्षेसुद्धा धड शाळा न पाहिलेली. तिच्या पाच मुलांनी मिळून १३ पदव्या घेतल्या.

आता आपल्या गल्लीकडे येते. नाव घेणार नाही, समजणाऱ्या समजतील. नववीतली एक मुलगी. आई अंथरुणाला खिळली, धाकटा भाऊ तीन वर्षांचा, बाप रात्रपाळीला. पोरीने जुलैत शाळा सोडली. आम्ही समजलो, घरकामामुळे. आमच्यातल्या एकीने तिला ‘शाळेत का जात नाहीस?’ असे विचारलेच नाही. भाकरी थापायला शेजारी बसवले आणि म्हणाली, “दमतीस ग बाई फार.” मग ते पाणी फुटले. काम तिने उरकले असते. पहाटे चारला उठून उरकतच होती. पण आठ दिवसांनी वर्गात गेली तेव्हा भर वर्गात, “आल्या का पाहुण्या?” म्हणून तिला उभे केले आणि सारा वर्ग हसला. तेवढे तिला सोसवले नाही.

मग आम्ही काय केले? फार मोठे काही नाही. धाकटा सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. दोघीजणी शाळेत गेल्या; भांडायला नव्हे, हे आधी बजावून पाठवले होते. दुसऱ्या एका तरुण बाईंनी ऐकून घेतले आणि निरोप दिला, “नुसती बसायला ये, वही मी बघते.” शेजारच्या बाकावर समजूतदार मुलगी बसवली. मध्यंतरी मामाने स्थळ आणले. मुलगी १५ वर्षांची, कायदा १८ सांगतो. मामाला आम्ही चहा पाजला, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर ठळक लिहिला आहे तिथेच त्याला बसवले. पुढचे सांगण्याजोगे नाही. पोरगी आज दहावीत आहे. गणित अजून कच्चे आहे, आणि आईच्या दुखण्यालाही उतार नाही.

ही एक सापडली, कारण ती भिंतीला भिंत लागून होती. शिक्षणहक्काचा कायदा १४ वर्षांपर्यंतचा. आठवीनंतर त्याची पकड सुटते आणि नेमके तेव्हाच मुलींचे पाय घरात ओढले जातात. तिथे शेजारणीच उभ्या राहायला हव्यात.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो. तो जरूर करावा. त्याच्या जोडीला, सुटलेली शाळा ज्या मुलाने पुन्हा धरली त्याला वर्षाची वह्या-पुस्तके द्यावीत. आणि ती देणगी व्यासपीठावर न देता घरी नेऊन द्यावी, म्हणजे त्याची कथा चारचौघांत सांगावी लागणार नाही.

दुसरी सूचना मंडळाच्या खोलीविषयी. भजन आणि भिशीचे दिवस सोडले तर ती संध्याकाळी ४ ते ६ कुलूपबंद असते. ती मुलांना उघडून द्यावी. शिकवणी नव्हे; आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवीचे गणित येत नाही आणि यायची गरजही नाही. दोघींनी नुसते बसायचे. पोरे अभ्यास करतील, भांडतील, पुन्हा अभ्यास करतील. वाटीभर भडंग किंवा शेंगदाणे-गूळ द्यावा. चार दिवस कोणी दिसले नाही तर पाचव्या दिवशी त्याच्या दारात जायचे आणि आधी आईची तब्येत विचारायची. ‘तू नापास होशील’, ‘त्या अमक्याच्या पोराकडं बघ’ ही दोन वाक्ये त्या खोलीत बोलायची नाहीत. माझ्यासकट सगळ्यांना हे जड जाणार आहे.

वारांची वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. सोमवार आणि गुरुवार भरले, बाकीचे रिकामे आहेत. शनिवारी भजनाचे सामान खोलीत असते, तेव्हा शनिवार घेणाऱ्यांनी पेटी आणि टाळ उचलून ठेवण्याची तयारी ठेवावी. नाव लिहायला पेन्सिल दोऱ्याने बांधली आहे. ती गेल्या वर्षीसारखी कोणी घरी नेऊ नये.