शेक संपल्यानंतर



पुढची काही मिनिटं तुम्हाला माझे उच्चार जड वाटतील. ‘ट’, ‘ठ’, ‘ळ’ ही अक्षरं माझ्या जिभेला आता नीट वळत नाहीत, आणि चार-सहा वाक्यं झाली की पाण्याचा घोट घ्यावा लागतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंनी आपुलकीनं विचारलं, मधले थांबे कापून टाकू का? मी म्हटलं, राहू द्या. ज्यांच्या घरात तोंडाच्या कर्करोगातून उठलेला माणूस आहे, त्यांना हे थांबे चांगले ओळखीचे आहेत. त्या घरांसाठीच मी आज बोलतो आहे.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. सध्या बेंगळुरूच्या जयनगरमध्ये मुलाकडे असतो. जयनगरच्या अशोक स्तंभापासून रिक्षानं थोडं पुढे गेलं की किदवाई कर्करोग संस्था लागते. 1973 साली सुरू झालेली ही सरकारी संस्था. माझे उपचार दुसरीकडे झाले, पण किदवाईच्या आवारात मी अधूनमधून जाऊन बसतो. उत्तर कर्नाटकातून माणसं गाठोडी, डबे, फायली घेऊन तिथं येतात. बेळगाव, निपाणी, अथणी या बाजूची मंडळी असली की मराठी कानावर येतं. मग मी सरकून शेजारी बसतो.

एकदा निपाणीकडच्या एका बाईंनी मला विचारलं, “दादा, आमच्या मालकांचे शेक संपले. आता ते भाकरी कधी खातील?” त्यांच्या हातातल्या फायलीवर उपचार पूर्ण झाल्याचा शेरा होता. घरची सगळी माणसं तो शेरा बघून मोकळी झाली होती. घास मात्र उतरत नव्हता. या बाईंना खरं काय ते कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते दोन-तीन महिने आधी सांगायला हवं होतं. मला आज एवढंच म्हणायचं आहे: शेक, म्हणजे किरणोपचार, संपले की घरच्यांचं काम संपत नाही, ते तेव्हा सुरू होतं. ते रोजचं आहे, कंटाळवाणं आहे, आणि केलं तर त्याचा उपयोग होतो.

तंबाखूबद्दल मी आज बोलणार नाही. त्याचे दुष्परिणाम तुम्हाला ठाऊक आहेत. महाराष्ट्रानं 2012 साली आणि कर्नाटकानं 2013 साली गुटख्यावर बंदी घातली. तरीही 2022 सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण एका वर्षात आढळले. पण जो माणूस आजारातून उठून बसला आहे, त्याला पाहुण्यांनी येऊन “खात होतात का हो?” असं विचारू नये. त्यानं ते स्वतःला पुष्कळदा विचारलेलं असतं.

तर शेकाचं काय होतं ते सांगतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते साडेसहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरण दिले जातात. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा घालून माणसाला टेबलावर स्थिर करतात. किरण कर्करोगाच्या पेशी मारतात, आणि वाटेत जे येईल त्यालाही भाजतात. तोंड सोलवटतं, गळ्याची कातडी काळवंडते, चव जाते. हा त्रास भयंकर असला तरी दीड-दोन महिन्यांत बराचसा ओसरतो. चव परतायला काही महिने, कधी वर्षही लागतं. पण किरणांचे काही परिणाम उशिरा येतात. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनीसुद्धा. तोवर माणूस इस्पितळ विसरलेला असतो, आणि घोटाळा इथंच होतो.

पहिली गोष्ट लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि त्याला तिचा पत्ताही नसतो. किरणांनी लाळेच्या ग्रंथी सुकतात. हल्लीच्या यंत्रांनी त्या काही प्रमाणात वाचवता येतात, पण पूर्ण नाही. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते आणि ती पाण्यानं सोडवावी लागते. उशाशी तांब्या-भांडं हवंच. दिवसा एकदम ढसाढसा न पिता थोडं थोडं पीत राहावं. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा खळखळून चूळ भरली तर तोंड हलकं होतं. बाजारातली तिखट, झोंबणारी माउथवॉश वापरू नका. त्यातल्या अल्कोहोलनं तोंड आणखी कोरडं पडतं. जिभेवर पांढरा थर दिसला आणि जळजळ वाढली तर ती बुरशी असू शकते. तिला औषध आहे, डॉक्टरांना दाखवा.

जेवणाचं मात्र घरातच बघावं लागतं. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला तिखट सुटणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. ठेचा, मिसळ, कट, लिंबू हे सगळं तोंडाला चटका देतं. पोळीचा घास तोंडात गोल फिरत राहतो, ओला होत नाही, आणि शेवटी पाण्याबरोबर ढकलावा लागतो. मऊ भात, पातळ वरण, वर तुपाची धार, मुगाचं कढण, पातळ पिठलं, दुधात कुस्करलेली भाकरी यांवर माणूस उत्तम जगतो. जयनगरमध्ये नाचणी कुठल्याही वाण्याकडे मिळते. सकाळची ताकातली आंबील मला अजून पोसते आहे. शेजारच्या कन्नड अज्जी दर शनिवारी माझ्यासाठी मोसरन्ना, म्हणजे आपला दहीभात, वेगळा काढून ठेवतात. ओग्गरणे देण्याआधी, म्हणजे मोहरी-मिरचीची फोडणी घालण्याआधी त्यातला वाटीभर बाजूला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकदा मला जेवताना पाहिलं आणि त्या समजल्या.

पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, किंवा वरचेवर ताप-खोकला होत असेल, तर ते अंगावर काढू नका. गिळण्याचे स्नायू कडक होऊन अन्नपाणी श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. वाचा आणि गिळण्याचे उपचारतज्ज्ञ असतात, ते व्यायाम शिकवतात. अन्नासाठी नळी घातलेली असली तरी डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तितकं तोंडानं गिळत राहणं महत्त्वाचं, कारण न वापरलेले स्नायू लवकर मरगळतात.

(येथे वक्ते पाणी घेण्यासाठी थांबतात.)

आता तोंड उघडण्याबद्दल. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर जबडा आखडू लागला आहे. डॉक्टर मंडळी 35 मिलिमीटरपेक्षा कमी उघडणाऱ्या तोंडाला अडचण मानतात. हे गुपचूप होतं, रोज केसभर, आणि एके दिवशी चमचा आत जात नाही.

यावर बाहेरून आणलेली महागडी उपकरणं मिळतात. माझ्याजवळ आहेत त्या आइस्क्रीमच्या काड्या. जयनगरच्या फोर्थ ब्लॉकमध्ये शाळेच्या वस्तूंच्या दुकानात पोरं हस्तकलेसाठी घेतात त्या लाकडी पट्ट्या. प्रत्येकीची जाडी दीड-दोन मिलिमीटर. तोंडात सहज बसतील तितक्या एकत्र धरून वर रबरबँड लावायचा, गठ्ठा दाढांच्या मध्ये सरकवायचा, आणि एक पट्टी मधोमध हळूच खुपसायची. गालात ताण येतो, कानापर्यंत ओढ बसते. तो ताण अर्धा मिनिट धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. दिवसातून चार-पाच वेळा, रोज. पट्ट्यांना तोंडाची चव लागली, कडा फाटल्या की नवा गठ्ठा. आधी फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, कारण दात हलत असतील किंवा जबड्यात प्लेट असेल तर पद्धत बदलते. पण शिकल्यावर एकही दिवस सोडू नका. आखडलेला जबडा मोकळा करणं फार कठीण जातं. उघडा आहे तो उघडा ठेवणं आपल्या हातात असतं.

दातांविषयी मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. लाळ गेली की दातांचं संरक्षण गेलं. हिरडीपाशी, दाताच्या मानेवर कीड लागते आणि चांगला दिसणारा दात मुळापासून मोडून पडतो. म्हणून फ्लोराइडची जेल किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट दंतवैद्यांना विचारून रोज वापरायची. गोळ्या-बडीशेपा, साखरेचे चहा कमी करायचे. यापेक्षा मोठा धोका पुढे आहे. किरण लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटलेला असतो. अशा हाडातला दात उपटला तर जखम भरत नाही. हाड उघडं पडतं, सडू लागतं, कधी जबड्याचा तुकडा काढावा लागतो. खालच्या जबड्याला हा धोका जास्त. आणि वर्षं उलटली म्हणून तो जात नाही. दहा वर्षांपूर्वी शेक झालेल्या माणसाची दाढ दुखते, तो गल्लीतल्या दवाखान्यात जातो, तिथं जुन्या आजाराचं कुणी विचारत नाही, हाही सांगत नाही, आणि दहा मिनिटांत दाढ बाहेर येते. पुढची दोन वर्षं ती जखम त्याचा पिच्छा सोडत नाही. अशी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून खुर्चीत बसण्याआधी पहिलं वाक्य हे बोला: “मला तोंडाला शेक दिलेले आहेत.” उपचारांची फाइल बरोबर न्या. दात काढण्याचा निर्णय तुमच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच होऊ द्या.

मानेला किरण मिळाले असतील तर थायरॉईड मंदावू शकतं. माणूस सुस्त होतो, वजन वाढतं, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, आणि घरचे म्हणतात, आजारपणाचा अशक्तपणा आहे. दर सहा महिन्यांनी ते वर्षानं रक्ताची साधी टीएसएच तपासणी केली की कळतं, आणि रोजच्या गोळीनं भागतं. हनुवटीखाली पिशवीसारखी सूज, न वळणारी मान, वर न जाणारा खांदा यांच्यासाठीही मालिश आणि व्यायाम आहेत.

एक धोक्याची सूचना. सगळंच शेकाचा परिणाम समजून गप्प बसू नका. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला नवा फोड, मानेत गाठ, कानात सणक, रक्त येणं, ओठ बधिर होणं यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता इस्पितळ गाठा. आजार उलटण्याची भीती पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असते.

बोलण्याविषयी सांगायचं राहिलं. फोनवर माझा आवाज ऐकून पलीकडच्यांना वाटतं, हा प्यायला आहे. काही जण फोन ठेवून देतात. मग माणूस फोन उचलणं सोडतो, लग्नाला जाणं सोडतो, पंगतीत बसणं सोडतो, आणि बंद खोलीत एकटा जेवू लागतो. हा दुष्परिणाम कुठल्याही फायलीत लिहिलेला नसतो, पण तो खरा आहे. शरद पवारांच्या तोंडाच्या कर्करोगावर 2004 साली शस्त्रक्रिया झाली, आणि त्या आजाराबद्दल ते स्वतः जाहीरपणे बोलत आले आहेत. त्यांचे उच्चार बदलले. महाराष्ट्रानं त्यानंतरची वीस वर्षं त्यांची भाषणं कान देऊन ऐकली; राजकारण पटो न पटो, उच्चारांमुळे कुणी उठून गेलं नाही. आमच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांना मात्र याच आजारानं 16 फेब्रुवारी 2015 ला नेलं. आबा गेले तेव्हा जे रडले, त्यांच्या स्वतःच्या गल्लीत हा आजार झेललेलं कुणीतरी राहत असेल. त्याच्याकडे जा. त्याला बोलू द्या, वाक्य आपण पुरं करू नका. नाही कळलं तर पुन्हा विचारा, त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. जेवायला बोलवा, आणि त्याच्या पानात बिनतिखटाचं वरण-भात वाढा. त्याला वेळ लागेल. तो उठेपर्यंत आपणही पानावर बसून राहा.

ज्यांचे शेक अजून सुरू व्हायचे आहेत, त्यांनी आधी दंतवैद्यांना दाखवून घ्या. काढायचे दात आधीच काढले, तर जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळतात. मिरजेला, बार्शीला, कोल्हापूरला, बेळगावला, मुंबईच्या टाटामध्ये, जिथं उपचार घेत असाल तिथं हा प्रश्न स्वतःहून विचारा. आणि ज्यांचे शेक होऊन गेले आहेत, त्यांनी आज रात्री आरशासमोर उभं राहून तीन बोटं घालून पाहा. टीएसएच तपासून वर्ष झालं असेल, तर उद्या सकाळी रक्त देऊन या.