पुनर्वसन, शिक्षण आणि श्रमाचा दाम



२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ आले, बांध फुटले आणि अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. १९२१ साली कारागिरांची शाळा म्हणून सुरू झालेल्या तेथील डेलगाडो कम्युनिटी कॉलेजच्या मुख्य आवारातही पाणी शिरले. कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी फीचे, दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. कष्टकऱ्यांची मुले तेथे वीजकाम, सुतारकाम, परिचर्या शिकतात. जानेवारी २००६ मध्ये वर्ग पुन्हा भरू लागले. उद्ध्वस्त शहर उभारण्यास नेमके हेच हात हवे होते.

पण सरकारने काय केले? ८ सप्टेंबरलाच अध्यक्ष बुश यांनी आपद्ग्रस्त भागातील सरकारी बांधकामांवर प्रचलित दराने मजुरी देण्याचा १९३१ चा कायदा स्थगित केला. कामगार संघटना झगडल्या, तेव्हा नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा लागू झाला.

यातील बोध स्पष्ट आहे. सार्वजनिक शिक्षणसंस्था हा पुनर्वसनाचा पाया खरा. परंतु शिकलेल्या हाताला रास्त दाम नसेल, तर त्या शिक्षणाचे फळ कंत्राटदारच चाखतो. म्हणून आपत्तीनंतर शिक्षण आणि मजुरी या दोन्ही मागण्या आपण एकत्रच मांडल्या पाहिजेत.