गावाची आठवण आणि गावाचा इतिहास

इंग्लंडमध्ये गावांचे इतिहास लिहिण्याची परंपरा जुनी आहे. हॅम्पशरमधील सेलबोर्न या गावचा निसर्ग व तेथील प्राचीन अवशेष यांविषयी गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने लिहिलेला ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८९९ साली इंग्लंडमधील सर्व परगण्यांचा गाववार इतिहास सिद्ध करण्याची एक विशाल योजना राणी व्हिक्टोरियाच्या नावाने हाती घेण्यात आली. ती आजही पूर्ण झालेली नाही. या ग्रंथांमागील परिश्रम पाहून कोणीही थक्क होईल. गावची जहागीर कोणाकडून कोणाकडे गेली, चर्चचा मनोरा कोणत्या शतकात उभा राहिला, धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे सारे त्यांत साधार सापडते. शेतात राबणारा मजूर मात्र बहुधा करांच्या यादीत किंवा खानेसुमारीच्या आकड्यात भेटतो. त्याचे मूल तर जन्माच्या नोंदीत एकदा आणि, दुर्दैव ओढवल्यास, मृत्यूच्या नोंदीत एकदा, एवढेच दिसते.

ही उणीव कागदपत्रांनी भरून निघणारी नव्हती. ती भरून काढली आठवणींनी, आणि त्याही विशेषतः बालपणीच्या आठवणींनी. या आठवणींना इतिहासाचे साधन म्हणून कितपत मानावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ऑक्सफर्डशरमध्ये ज्युनिपर हिल नावाची एक लहानशी वाडी आहे. तेथे १८७६ साली एका पाथरवटाच्या घरी फ्लोरा थॉम्पसन यांचा जन्म झाला. वाडीतील इतर मुलांबरोबर दीडएक मैल चालून त्या कॉटिसफर्डच्या शाळेत जात. शाळा सुटल्यावर, वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, त्या टपालकचेरीत कामाला लागल्या. साठी उलटल्यावर त्यांनी आपल्या बालपणीची हकीकत लिहिली. ‘लार्क राइज’ हे त्यांचे पुस्तक १९३९ साली निघाले. स्वतःविषयी ‘मी’ असे न म्हणता त्यांनी लॉरा नावाच्या मुलीची कथा सांगितली आणि वाडीलाही दुसरे नाव दिले. तथापि आठवड्याला दहा शिलिंग मिळवणाऱ्या मजुराची बायको त्या दहा शिलिंगांत घर कसे चालवी, वर्षभर पोसलेले डुक्कर मारण्याचा दिवस हा घराघरांत सणाचा दिवस कसा असे, गायरानांना कुंपणे पडण्यापूर्वीच्या दिवसांविषयी म्हातारी माणसे काय सांगत, हे त्यांनी ज्या बारकाईने नोंदले आहे, ते कोणत्याही दप्तरात आढळत नाही. कॉटिसफर्डचा समावेश असलेला काउंटी इतिहासाचा खंड १९५९ साली, म्हणजे वीस वर्षांनंतर, प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचणाऱ्याला एकाच गावाच्या दोन बाजू दिसतात, आणि एकीवाचून दुसरी अपुरी वाटते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. पीक कापून नेल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे, म्हणजे सरवा, वेचण्याचा गरिबांचा हक्क इंग्लंडमध्ये परंपरेने मानला जात असे. १७८८ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, कायद्याने हा हक्क कोणालाही नाही. केवळ कायद्याची पुस्तके पाहून इतिहास लिहिणारा येथेच प्रकरण संपवील. परंतु त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी ज्युनिपर हिलच्या बायका आणि मुले पहाटे उठून सरवा वेचायला जात होती. त्याचे पीठ दळून आले की पांढरे पडलेले ते पोते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे म्हणून बैठकीच्या खोलीत खुर्चीवर ठेवले जाई. पूर्व इंग्लंडमध्ये कापलेल्या शेतात मालक एक पेंढी मुद्दाम उभी ठेवी. तिला ‘पोलीस’ म्हणत. तो ‘पोलीस’ हलल्याशिवाय कोणी शेतात पाऊल टाकीत नसे. म्हणजे न्यायालयाने नाकारलेला हक्क गावाने आपल्या रीतीने शतकभर चालवला. ही गोष्ट ज्यांना ठाऊक होती, ती माणसे लहानपणी वाकून वाकून पाठ दुखेपर्यंत कणसे वेचलेली माणसे होती.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. साठ वर्षांच्या माणसाने दहा वर्षांच्या मुलाविषयी सांगितलेले कितपत खरे मानावे? दूरचे डोंगर साजरे दिसतात, तसेच दूरचे दिवसही. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर आठवण टाकून देणे हे नसून ती ताडून पाहणे हे आहे. सुदैवाने इंग्लंडमध्ये यासाठी एक उत्तम साधन उपलब्ध आहे. १८६२ च्या नियमावलीनुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकाला रोजनिशी ठेवणे आवश्यक झाले. या रोजनिश्यांत मुले बटाटे काढायला गेली, पाखरे हाकायला गेली, चिखलामुळे किंवा फाटक्या बुटांमुळे आली नाहीत, गोवराच्या साथीमुळे शाळा बंद ठेवावी लागली, अशा नोंदी पानोपानी आढळतात. पिकाच्या हंगामावर सुटीच्या तारखा ठरत. १८८० साली शाळेत जाणे सक्तीचे झाल्यावरही मुलांच्या मजुरीची गरज एकाएकी नाहीशी झाली नाही, हे कळते ते या रोजनिश्यांमुळे. म्हातारपणी एखादा मनुष्य जेव्हा सांगतो की, ‘आम्हांला शाळा आवडत नसे’, तेव्हा रोजनिशी त्याला वेगळेच कारण पुरवते: अनेकदा प्रश्न आवडीचा नसून घरात येणाऱ्या चार पेनींचा असे.

‘लार्क राइज’लाही पुढील अभ्यासकांनी खानेसुमारी, चर्चच्या नोंदवह्या आणि शाळेचे कागद यांच्याशी ताडून पाहिले. बरेचसे जुळले, काही जुळले नाही. थॉम्पसनबाईंची अनेक भावंडे तान्हेपणीच दगावली होती. पुस्तकातील लॉराच्या घरावर त्या मृत्यूंची छाया जवळजवळ नाही. याला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कोणत्या दुःखाविषयी बोलायचे आणि कोणत्या दुःखाविषयी गप्प राहायचे, हे त्या पिढीने मनाशी ठरवलेले होते. त्यांचा धाकटा भाऊ १९१६ साली महायुद्धात मारला गेला. त्याचे मरण मात्र त्यांनी लपवले नाही. गावच्या चर्चमधील पितळी फलकावरील मृतांच्या नावांपाशीच त्यांचे पुस्तक संपते. इतिहासकाराने आठवणीतील शब्दांइतकेच तिच्यातील मौनही वाचावयास शिकले पाहिजे.

थॉम्पसनबाईंना लेखणी वश होती. ज्यांना ती वश नव्हती त्यांचे काय? या प्रश्नाला जॉर्ज युअर्ट इव्हान्स यांच्या कार्याने उत्तर दिले. साउथ वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात, एका दुकानदाराच्या घरी वाढलेले इव्हान्स १९४८ साली सफोकमधील ब्लॅक्सहॉल या गावी राहावयास आले. त्यांच्या पत्नी तेथील शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना स्वतःला ऐकू कमी येत असे. आणि याच गृहस्थांनी पुढे ऐकून घेणे हेच आपले जीवितकार्य केले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शेजारच्या वृद्ध मेंढपाळांशी आणि नांगऱ्यांशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आले की, ही माणसे जे शब्द सहज वापरतात ते सोळाव्या शतकातील शेतीविषयक ग्रंथांत सापडतात. घोड्यांच्या साहाय्याने होणारी शेकडो वर्षांची शेती त्यांच्या डोळ्यांदेखत संपत होती. ट्रॅक्टर आला होता. ती शेती जाणणारी ही शेवटची पिढी होती. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘गवत कापणाऱ्यांना विचारा’ असा आहे. आणखी वीस वर्षे उशीर झाला असता, तर विचारावयास कोणी उरले नसते.

आठवणींचा हा खजिना केवळ खेड्यांतच असतो, असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड शहराच्या एका गरीब वस्तीत रॉबर्ट रॉबर्ट्स यांचा जन्म १९०५ साली झाला. त्यांच्या आईचे गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा मालाचे दुकान होते. कोणाला उधारी द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे त्या माउलीला रोज ठरवावे लागे. आणि गल्ल्यामागे बसलेल्या त्या मुलाला साऱ्या गल्लीची खरी पत त्यावरून कळत असे. रविवारचा कोट सोमवारी गहाणवटीच्या दुकानात जाई आणि आठवडाअखेर परत येई. बाहेरून पाहणाऱ्याला ही सारी वस्ती एकसारखी गरीब दिसे. प्रत्यक्षात तिच्यातही उच्चनीचतेच्या अनेक पायऱ्या होत्या, आणि खालच्या पायरीवर घसरण्याचे भय प्रत्येकाच्या मनात होते. १९७१ साली लिहिलेल्या आपल्या पुस्तकात रॉबर्ट्स यांनी जुन्या वस्त्यांतील जिव्हाळ्याची गोड चित्रे रंगवणाऱ्यांना कठोरपणे उत्तर दिले. मायेने पाहणाऱ्या डोळ्यांना दोषही दिसू शकतात, याचा हा पुरावा होय.

परंतु ज्या गावांचे अस्तित्वच पुसले गेले, तेथे आठवणीवरची जबाबदारी फार वाढते. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील टाइनम हे गाव १९४३ च्या डिसेंबरात लष्कराच्या सरावासाठी रिकामे करण्यात आले. सुमारे २२५ माणसे बाहेर पडली. जाताना चर्चच्या दारावर त्यांनी एक चिठ्ठी लावली. आपण एक दिवस परत येऊ, तोवर घरांची काळजी घ्यावी, अशी तीत विनंती होती. १९४८ साली सरकारने ती जमीन सक्तीने खरेदी केली, आणि परत येण्याचा दिवस उगवला नाही. आज घरांच्या छपराविना भिंती उभ्या आहेत. चर्च आणि शाळा नीट राखून तेथे प्रदर्शन मांडले आहे. मात्र हेही सांगितले पाहिजे की, मुले कमी पडल्यामुळे ती शाळा १९३२ सालीच बंद झाली होती, आणि बहुतेक रहिवासी आपल्या घरांचे मालक नसून कुळे होते. हरवलेले गाव आठवणीत नेहमी भरलेलेच राहते. ते रिते होऊ लागले होते, हे कागद सांगतो.

उत्तर वेल्समधील कापेल केलिन या गावाची कथा आणखी वेगळी आहे. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. १९५७ साली त्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. वेल्सच्या एकाही सदस्याने त्याच्या बाजूने मत दिले नाही. त्याआधीच्या वर्षी गावकरी आपल्या मुलांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून निषेधाची मिरवणूक काढून चालले होते. उपयोग झाला नाही. १९६३ साली शाळा आणि प्रार्थनामंदिर बंद झाले; १९६५ साली धरणाचे उद्घाटन झाले. सदुसष्टांपैकी अठ्ठेचाळीस रहिवाशांची घरे गेली. लोकसंख्येच्या हिशेबात हा आकडा क्षुल्लक आहे. पण ते गाव संपूर्णपणे वेल्श भाषेत जगणारे होते; तेथे शेतांची नावे, शाळेतील खेळ, रविवारची प्रार्थना हे सारे त्याच भाषेत होते. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने २००५ साली या प्रकरणी क्षमा मागितली. त्या मिरवणुकीत चाललेली मुले आज वृद्ध झाली आहेत, आणि ते खोरे कसे होते हे प्रत्यक्ष पाहिलेले तेवढेच लोक आता उरले आहेत. त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत नोंदले गेले पाहिजे; कारण शेताचे नाव भाषांतरित झाले की ते शेत राहत नाही, केवळ नकाशावरचा तुकडा राहतो.

या सर्व उदाहरणांवरून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला काही साध्या गोष्टी शिकता येतील. आठवण सांगणाऱ्याला ‘तो काळ कसा होता?’ असे विचारू नये. त्याला विचारावे की पाणी कोठून आणीत, शाळेत जाताना पायांत काय असे, उधारी कोण देई, आणि कोणाच्या दारी जाऊ नये असे आई सांगे. मोठ्या प्रश्नाला माणूस ऐकीव उत्तर देतो. लहान प्रश्नाला स्वतःचे देतो. त्यानंतर ते उत्तर घेऊन शाळेच्या रोजनिशीकडे, खानेसुमारीकडे आणि चर्चच्या वहीकडे जावे. दोन्ही जुळली तर उत्तमच. न जुळली तर घाईने एकाला खोटे ठरवू नये. त्या दोहोंमधील अंतरातच बहुधा इतिहास असतो.

आणि क्रम चुकवू नये. दप्तरातील कागद आणखी पन्नास वर्षे वाट पाहू शकतील. ज्या म्हातारीने लहानपणी सरवा वेचला, तिला तेवढा वेळ नसतो. म्हणून आधी तिच्या दारी जावे, दप्तरखाना नंतर.