सासूबाईंसोबत राणीच्या बागेत

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मनोगत)



दर सभेला आपण हप्ता आणि व्याजच बोलतो. आज अध्यक्षताई म्हणाल्या, काहीतरी वेगळं सांग. म्हणून आमच्या सहलीचं सांगते.

माझ्या सासूबाई आजवर तीनदा मुंबईला गेल्या, तिन्ही वेळा दवाखान्यात. यंदा पापडाच्या पैशातून मी थोडे बाजूला ठेवले आणि घरात म्हटलं, आईंना राणीची बाग दाखवायची. हे म्हणाले, "झाडं नि जनावरं बघायला मुंबईला कशाला? आपल्या दारात काय कमी आहेत?" पण आले बरोबर.

आसनगावहून लोकलनं भायखळा, तिथून चालत. बुधवारी बाग बंद असते, तेवढं लक्षात ठेवा. बाग १८६२ सालची. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव आहे. प्राणी आणि झाडं, दोन्ही एकाच आवारात.

पोरं पळाली पेंग्विन बघायला. हे पक्षी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, इथं काचेमागे गारव्यात ठेवलेत. आई मात्र गुडघे धरून बाकावर बसल्या. मला वाटलं, कंटाळल्या. परत येऊन बघते तर एका झाडापाशी उभ्या! म्हणाल्या, "हा सीताअशोक. बायकांच्या दुखण्यावर याच्या सालीचं औषध करतात. शाळेपुढं सरळसोट वाढलेल्या झाडाला आपण अशोक म्हणतो ना, तो खरा अशोक नव्हे."

मुलीनं पाटी वाचली. नाव बरोबर! आणि आईंना तर अक्षरओळख नाही. मग तासभर तेच चाललं. आई नाव सांगायच्या, नात पाटीवर बघायची. गोरखचिंचेचं एवढं जाड खोड आईंनी कधी पाहिलं नव्हतं. ते झाड मूळचं आफ्रिकेतलं, हे नातीनं आजीला सांगितलं.

परतीच्या गाडीत आई हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, मला काहीच येत नाही." हे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "पुढच्या वर्षी परत जाऊ."

मैत्रिणींनो, दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी आपण कर्ज काढतो. ते लागतंच. पण घरातल्या म्हातारीला एकदा तरी औषधाच्या चिठ्ठीशिवाय बाहेर न्या. मुंबईच पाहिजे असं नाही, जवळचं रानही चालेल. सोबत नात आणि एक वही घ्या. आजी सांगेल, नात लिहील.