आधी अ‍ॅन, मग झ्लाता, मग ओमर



मी साहित्यातला माणूस नाही. दिवसभर कोड लिहितो, रात्री वाचतो. त्यामुळे भाषण कमी, शिफारस जास्त.

मागच्या बैठकीत मी अ‍ॅन फ्रँकची डायरी सुचवली. ती मराठीतही मिळते. तेव्हा एका मुलाने विचारलं, "भाईजान, गाझात रोज मुलं मरताहेत आणि आपण ज्यू मुलीची डायरी वाचायची?" प्रश्न उद्धट नव्हता. रात्र रात्र मोबाइलवर ती दृश्यं बघून तो पोरगा कासावीस झाला होता. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही.

आज देतो, आणि सारायेव्होपासून सुरुवात करतो. बोस्नियाची ही राजधानी १९९२ ते १९९६ वेढ्यात होती. डोंगरांवरून सर्ब फौजा तोफा डागत. हजारो माणसं गेली, त्यांत बरीचशी मुसलमान. त्या शहरात झ्लाता फिलिपोविच नावाची शाळकरी मुलगी डायरी लिहीत होती. सुरुवातीच्या पानांत शाळा, पियानोचा क्लास, वाढदिवस. मग तळघर, मेणबत्त्या, पाण्यासाठी वणवण. नीना ही तिची मैत्रीण बागेत तोफगोळ्याने मरते. अ‍ॅनने आपल्या डायरीला 'किटी' म्हटलं होतं, म्हणून झ्लाताने आपल्या डायरीला 'मिमी' म्हटलं. पुढे लोक तिला सारायेव्होची अ‍ॅन फ्रँक म्हणू लागले, तेव्हा ती घाबरली. अ‍ॅनचं पुढे काय झालं ते तिला ठाऊक होतं. वेढ्यातल्या मुलीला ज्या पुस्तकाची सोबत झाली, ते आपल्याला परकं कसं?

त्याच शहरातली पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट ऐका. १९४२ मध्ये तिथल्या संग्रहालयाचे ग्रंथपाल होते दर्विश कोर्कुत, मुसलमान. ज्यूंची एक शेकडो वर्षं जुनी सचित्र पोथी त्यांनी नाझींच्या हाती लागू दिली नाही. मीरा पापो या ज्यू मुलीला त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मुसलमान मोलकरीण म्हणून घरात लपवलं. पुढे १९९९ मध्ये कोसोव्होच्या युद्धात कोर्कुत यांच्याच मुलीवर निर्वासित व्हायची वेळ आली. तेव्हा आईवडिलांच्या त्या उपकाराचा कागद दाखवल्यावर तिला मदत करायला ज्यू पुढे आले.

म्हणून गाझाचं दुःख बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. ते घेऊनच अ‍ॅन वाचा.

आता थोडं घरचं. जानेवारी १९९३ मध्ये, झ्लाता तळघरात असताना, आमचं कुटुंब मुंबईतलं घर सोडून मुंब्र्याला आलं. मी दोन वर्षांचा. दंगल आणि युद्ध एक नव्हे, हे मला कळतं. पण अम्मी त्या रात्रीबद्दल कधी बोलली नव्हती. एकदा मी झ्लाताचं पुस्तक खाटेवर उघडं ठेवलं होतं. अम्मीला इंग्रजी येत नाही. तिने फोटो पाहिले आणि ही मुलगी कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग तीच बोलायला लागली. रेशनकार्ड घेतलं, माझी दुधाची बाटली घेतली, घाईत कुकर राहिला आणि नुसतं झाकण आलं. ते झाकण अजून घरात आहे. इतकी वर्षं मी ते बघत होतो.

लहान भावंडांसाठी चित्रकथा हवी असेल तर 'व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड' घ्या. सोमालियातून पळालेला ओमर आणि त्याचा धाकटा भाऊ हसन, केनियातल्या दादाबच्या छावणीत. हसनला एकच शब्द बोलता येतो, 'हूयो', म्हणजे आई. बाँबगोळे फारसे नाहीत, नुसतं वाट बघणं आहे. पाण्याची, शाळेची, मुलाखतीच्या यादीत नाव लागण्याची. निर्वासितपण बहुतेक असंच असतं, ते बातम्यांत दिसत नाही. ही गोष्ट खरी आहे. खुद्द ओमर मोहम्मद यांनी व्हिक्टोरिया जेमिसन यांच्यासोबत ती लिहिली आहे. शेवट सांगत नाही.

इंग्रजी सोपं आहे, अडलं तर मला फोन करा. झ्लाताच्या दोन प्रती गटात आहेत. त्यातली एक त्या मुलाने नेली आहे, अजून परत केलेली नाही.