मोटारीची झिलई

भांडी लखलखीत करण्याच्या दोन रीती आपल्याकडे पूर्वापार चालत आल्या आहेत. एक कल्हईची. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर कथलाचा पातळ थर चढवितो. म्हणजे भांड्यात भर पडते. दुसरी रीत रांगोळीने किंवा विटेच्या भुकटीने घासण्याची. तीत भर काहीच पडत नाही, उलट भांडे कणभर झिजते. गाडीला पॉलिश करून आणले म्हणजे वर काहीतरी चकचकीत चढविले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः गाडीचे पॉलिश हा कल्हईचा नव्हे, रांगोळीचा प्रकार आहे.

आता झिजावयाला तेथे असते तरी किती, ते पाहा. आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक बिनरंगी, पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा-पंचविसावा हिस्सा! आपल्या डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याहून जाड निघेल. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला जपण्याचे कामही हाच थर करतो. तो फार घासला गेला की काही वर्षांनी बॉनेटवर आणि टपावर पांढुरके डाग पडतात, साल सुटू लागते. मग पॉलिशचा काही उपयोग नाही. रंग नव्यानेच मारावा लागतो. तालुक्याच्या रस्त्यावर धुलाईचे दुकान काढलेल्या तरुणाने आणि जुनी जीप घेतलेल्या शेतकऱ्यानेही हा आकडा ध्यानात ठेवावा.

पण मग घासायचेच कशाला? तर ओरखडे घालविण्यासाठी. ओरखडा कसा दिसतो हे शिक्षकांना वर्गात सहज दाखविता येईल. रोज घासले जाणारे स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील. ताट हलवा, वर्तुळे दिव्याच्या प्रतिबिंबाबरोबर सरकतील! म्हणजे ती वर्तुळे ताटावर कोरलेली नाहीत. ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे पडतात तेवढेच डोळ्यांकडे उजेड फेकतात. काळ्या गाडीवर उन्हात दिसते ते जाळे हेच. पांढऱ्या गाडीवरही ते असते, फक्त लपते.

झिलई म्हणजे काय, हे न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात सांगून ठेवले आहे. काच घासताना ओरखडे नाहीसे होत नाहीत. बारीक कणांनी ते इतके बारीक होतात की दिसेनासे होतात. कंपाउंड आणि पॉलिश यांतला भेद याच सूत्रात आहे. दोहोंत बहुधा ॲल्युमिनाचे कण असतात. कंपाउंड जोरकस, ते खोल ओरखड्याभोवतालचा पृष्ठभाग खाली आणते, पण मागे स्वतःचा धूसरपणा ठेवते. पॉलिश तो धूसरपणा पुसते. मेण त्यानंतरचे, आणि तेवढे मात्र खरोखर वर चढते.

हे काम पूर्वी सर्रास रोटरी यंत्राने होई, आजही अनेक ठिकाणी होते. त्यात चकती एकाच आसाभोवती जोराने फिरते. हात जरा एका जागी थबकला, किंवा पत्र्याच्या कडेवर गेला, की उष्णतेने रंग भाजलाच म्हणून समजा. ड्युअल ॲक्शन यंत्राची युक्ती निराळी आहे. दळणाचे जाते आठवा. त्याचा खुंटा मध्यावर नसतो. फिरत्या जात्याच्या खुंट्यावर एखादी वाटी पालथी ठेवली, तर ती खुंट्याबरोबर फेरी घालील आणि सैल असल्यामुळे स्वतःभोवतीही गरगरेल. वाटीला बोट लावा: तिची गिरकी थांबेल, फेरी चालूच राहील. या यंत्रात फोमची गादी अशीच मध्यापासून सरकविलेल्या आसावर मोकळी बसविलेली असते. फेरीचा व्यास कोठे ८, कोठे १५, कोठे २१ मिलिमीटर. (काही यंत्रांत गिरकीही दात्यांनी सक्तीची केलेली असते, त्यांची गोष्ट वेगळी.) हाताने फार दाबले तर गादीची गिरकी थांबते आणि घासण्याचा जोर आपोआप उतरतो. नवशिक्याला हे यंत्र मानवते ते यामुळे.

म्हणूनच ‘दाबले की चकाकते’ ही कारागिराची समजूत येथे उलटी पडते. चकतीच्या पाठीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरताना दिसते तोवर काम चालू आहे. ती जागच्या जागी थरथरू लागली की दाब कमी करावा. गाडी सावलीत असावी, पत्रा थंड असावा. गादीवर वाटाण्याएवढे चार थेंब पुरेत. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यावा, कमी वेगावर औषध पसरावे, मग वेग वाढवून सावकाश, सेकंदाला इंचभर अशा चालीने, उभ्या-आडव्या चार-पाच फेऱ्या घालाव्या. कडा आणि उंचवटे यांवर थर आधीच पातळ असतो. तेथे चिकटपट्टी लावावी. गादीत भुकटी साचते, ती वरचेवर ब्रशने झाडावी.

सर्वांत महत्त्वाचे असे की आरंभ पॉलिशनेच करावा, तोही एका लहानशा चौकोनावर. तेवढ्याने भागले तर कंपाउंडची बाटली उघडूच नये. ज्या ओरखड्यात नख अडकते, त्याच्या मागे लागू नये. तो नाहीसा करावयाचा तर भोवतालचा सारा थर उतरवावा लागेल. गाडीवर थोडासा ओरखडा राहू देणे यातही कारागिरी आहे, असे माझे मत आहे. गिऱ्हाईक कुरकुरेल, त्याला जाडीचा आकडा सांगावा.

आता एक फसवणूक. काही पॉलिशांत तेल व भरणद्रव्ये असतात. ती ओरखड्यांत बसतात आणि गाडी आरशासारखी दिसते. चार धुलायांत भरण निघून जाते, जाळे परत येते. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे विशेष चालते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, मऊ कापडाने एक कोपरा पुसून पाहावा, आणि मग तो उन्हात आणून पाहावा. खरे काम तसेच राहते.

आणि हे ओरखडे येतात कोठून? बहुतेक सकाळच्या कोरड्या फडक्याने! रस्त्याच्या धुळीत गारेचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. त्यांच्यापुढे रंग अगदीच मऊ. फडके फिरविणे म्हणजे त्या कणांनी गाडी घासणेच झाले. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. मग साबणाची एक बादली आणि फडके खळबळण्याची दुसरी, अशा दोन बादल्या घ्याव्या. चाके शेवटी, आणि त्यांचे फडके वेगळे.