धोतराची दोन टोकं

कथेचा रस कसा घ्यावा, याविषयी आज बोलू या. आधी कथेमागची वाट पाहू.

तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी पंढरीला जाते. काटेवाडीत परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतो. २०२० साली करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी होती. वाट सुनी राहिली. ३० जूनला तुकोबांच्या पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या.

आता याच वाटेवरची एक कल्पित कथा ऐका. काटेवाडीतला एक म्हातारा त्याही वर्षी धोतरं धुवायला काढतो. "मामंजी, यंदा पालखी न्हाई यायची," सून सांगते. म्हातारा पुढचं धोतर पाण्यात बुडवतो. समोर मुंबईहून आलेला पुतण्या राहतो. शाळेतल्या विलगीकरणात चौदा दिवस काढून तो घरी आलाय, तरी त्याच्या ओट्याकडे कुणी फिरकत नाही. संध्याकाळी म्हातारा धोतराची घडी घालायला लागतो. एकट्याला जमत नाही, टोक मातीत लोळतं. पुतण्या ओट्यावरून उतरतो, ते टोक उचलतो, झटकतो. दोघं धोतर ताणून धरतात. कथा इथंच संपते.

यात काय ऐकायचं? पहिली गोष्ट, वस्तू. धोतराची लांबी हेच त्या दोघांमधलं अंतर आहे आणि तेच धोतर दोघांना जोडतंय. दुसरी गोष्ट, गप्प राहणं. सुनेला उत्तर मिळत नाही, पण म्हाताऱ्याचे हात थांबत नाहीत. त्याची श्रद्धा आपल्याला तिथं कळते. तिसरी गोष्ट, शेवट. घडी घालायची तर दोघांना एकमेकांकडे चालत यावं लागेल. ते पाऊल कथेत नाही, ते ऐकणाऱ्याच्या मनात पडतं. "दोघांचा दुरावा मिटला" असं लिहिलं असतं, तर आपल्याला करायला काहीच उरलं नसतं.

साथीत माणसं गोष्टींकडे वळतात, हे जुनंच आहे. १३४८ च्या प्लेगनंतर इटलीत बोकाचिओनं 'डेकॅमेरॉन' लिहिलं. त्यात शहर सोडून गेलेले दहा तरुण-तरुणी दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात. आप्तांनी आप्तांना टाकलं त्या काळात, ऐकणाऱ्यांचं एक नवं घर उभं राहतं.

श्रोतेहो, आज रात्री घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसून एक कथा मोठ्यानं वाचा. संपल्यावर लगेच बोलू नका. कथेनं न सांगितलेलं थोडा वेळ दोघं मिळून ऐका.